नाव झाका, निकाल ठेवा

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय संयोजकांनी 'इंटरनेट आणि बाईची बदनामी' असा ठेवला आहे. मी तो थोडा अरुंद करणार आहे. बदनामी कोण करतं, त्याला शिक्षा काय, यावर आपण नेहमी बोलतो. मला बोलायचंय ते नंतर जे मागे उरतं त्याविषयी. केस संपते, निकाल लागतो, बाई दुसऱ्या गावी राहायला जाते, नोकरी धरते. आणि एक दिवस कुणीतरी मोबाइलवर तिचं नाव टाकतं. शाळेच्या मुख्याध्यापिका टाकतात, घर भाड्याने देणारे टाकतात, सोयरीक जुळवणारे तर हमखास टाकतात. क्षणात सात वर्षांपूर्वीची बातमी, कोर्टाचा आदेश किंवा कुणीतरी चढवलेला फोटो समोर येतो.

आमच्या समुपदेशन केंद्रावर ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायका सगळ्या थरांतल्या आहेत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून सांगते. एकीने सासरच्या छळाची केस केली होती. पुढे समझोता झाला, घटस्फोट झाला. पण वरच्या कोर्टाच्या आदेशात तिचं नाव, गाव, लग्नाची तारीख, नवऱ्याने तिच्या चारित्र्यावर केलेले आरोप, सगळं कुणालाही वाचता येतं. दुसरीचा फोन नंबर कुणीतरी घाणेरड्या जाहिरातीखाली एका पानावर टाकला. तिला रात्री दोन वाजता अनोळखी पुरुषांचे फोन येत. तिसरी कॉलेजातली मुलगी. मैत्री तुटल्यावर मुलाने तिचे खाजगी फोटो चढवले. तिघींचा प्रश्न एकच होता : "ताई, हे पुसता येईल का?"

माझं उत्तर तीन भागांत आहे. काही पुसता येतं. काही झाकता येतं. आणि काही आपण पुसू देता कामा नये. यातला तिसरा भाग चळवळ म्हणून आपल्या सर्वांत जास्त कामाचा आहे. त्याच्याकडे मी शेवटी येते.

प्रश्न नवा वाटला तरी त्याचं मूळ आपल्याच इतिहासात आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या दुरुस्तीत एक कलम आलं, २२८-अ. बलात्कारित स्त्रीची ओळख पटेल असं काही छापणं हा गुन्हा ठरला. आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की नुसतं नाव गाळून भागत नाही, आडवळणानेही ओळख पटता कामा नये.

आता विचार करा. ज्या मुलीमुळे हे कलम आलं, तिचं नावच त्या खटल्याचं नाव होऊन बसलं. पाठ्यपुस्तकांत, लेखांत, घोषणांत ते आलं. आपण सगळ्या ते ओळखतो. मी आज मुद्दाम ते घेतलेलं नाही.

पूर्वी गाव विसरायचं असं नाही, पण गावाची आठवण गावापुरती असायची. बाई एसटीत बसून शंभर मैल दूर गेली, की निदान ओळख नव्याने सुरू करता यायची. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जायचं, त्यात भेळ बांधली जायची. आज रद्दी होतच नाही. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण आपलं सगळं काम त्यावर आहे.

गूगल, बिंग ही सर्च इंजिनं म्हणजे काय? ग्रंथालयातलं कार्डांचं कपाट आठवा. कार्डावर लिहिलेलं असतं पुस्तक कुठल्या फडताळात आहे ते. सर्च इंजिन हे असं कपाट आहे. पुस्तक, म्हणजे मूळ पान, दुसऱ्याच कुणाकडे असतं : वर्तमानपत्राकडे, कोर्टाकडे, एखाद्या अश्लील साइटकडे. कार्ड काढलं तरी पुस्तक फडताळात राहतं. पुस्तक काढलं तरी जुनं कार्ड काही दिवस कपाटात राहतं. म्हणून दोन ठिकाणी अर्ज करावे लागतात. पण कार्ड निघणं हीसुद्धा छोटी गोष्ट नाही. बाईच्या रोजच्या आयुष्यात तिला छळतं ते बहुतेक वेळा कार्डच. फडताळं धुंडाळत कुणी बसत नाही, नाव टाकून बघणारे मात्र शंभर असतात.

हाच फरक युरोपच्या न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात मान्य केला. स्पेनमधल्या एका गृहस्थाच्या घराच्या लिलावाच्या नोटिसा १९९८ मध्ये वर्तमानपत्रात आल्या होत्या. देणं कधीच फिटलं होतं, पण नाव टाकलं की नोटीस समोर येई. न्यायालयाने वर्तमानपत्राचं पान तसंच राहू दिलं आणि नावावरून होणाऱ्या शोधातून ते काढायला गूगलला सांगितलं. याला पुढे 'विसरलं जाण्याचा हक्क' असं नाव पडलं.

आपल्याकडे असा सरसकट हक्क देणारा कायदा नाही. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याच वर्षी कर्नाटक उच्च न्यायालयापुढे एक वडील आले. त्यांच्या मुलीची जुनी केस मिटली होती, पण नावाने शोधलं की आदेश दिसे आणि संसारावर सावट येई. न्यायालयाने कचेरीला सांगितलं, की इंटरनेटवरच्या शोधात या आदेशातलं तिचं नाव येऊ नये याची काळजी घ्या. आदेश मात्र रद्दही झाला नाही आणि दडवलाही गेला नाही. २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. एका बाईचे फेसबुक-इन्स्टाग्रामवरचे साधे फोटो उचलून अश्लील साइटवर टाकले होते. फोटो काढा, सर्च इंजिनांनी ते शोधातून जगभर काढा, आणि तेच फोटो पुन्हा चढले तर पुन्हा काढा, असा आदेश झाला. फोटो स्वतः अश्लील नव्हते हा बचाव चालला नाही. संमती नव्हती, हे पुरेसं ठरलं.

२०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कायदा टप्प्याटप्प्याने अमलात आणायचं ठरलं. या कायद्यात व्यक्तीसाठी 'ती' हे सर्वनाम वापरलं आहे म्हणून फार कौतुक झालं. पण माहिती पुसून घेण्याचा त्यातला हक्क मुख्यतः आपण संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. जिची संमती कुणी विचारलीच नाही, तिला त्याचा आधार किती, हा प्रश्न उरतोच.

आता कामाचं बोलू. वह्या काढा.

पहिली गोष्ट, पुसण्याआधी पुरावा. घाबरलेली बाई म्हणते, आधी काढून टाका. पण पान गेलं की केसही लंगडी होते. पूर्ण पत्ता दिसेल, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या. प्रत्येक पानाची लिंक वेगळी उतरवा, कारण अर्जात नुसतं नाव चालत नाही, नेमकी लिंक लागते. हे सगळं नवऱ्याच्या किंवा भावाच्या हाती पडणाऱ्या फोनवर ठेवू नका. एक अपवाद पक्का लक्षात ठेवा : मुलगी अठराच्या आतली असेल तर तिचे तसे फोटो आपण साठवायचे नाहीत, पुढे पाठवायचे नाहीत. पुरावा म्हणूनसुद्धा नाही. पॉक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तो गुन्हा होऊ शकतो. फक्त लिंक उतरवा आणि पोलिसांकडे जा.

दुसरी गोष्ट, खाजगी फोटो आणि व्हिडिओ. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपन्यांवर असे फोटो तक्रारीनंतर ठरावीक तासांत काढण्याचं बंधन घातलं. सुरुवातीला ही मुदत चोवीस तासांची होती. जोडतोड करून बनवलेले नकली फोटोही त्यात येतात. आणि महत्त्वाचं म्हणजे तक्रार बाईच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. म्हणजे आपण करू शकतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याने दाद दिली नाही, तर सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. गूगल २०१५ पासून विनासंमती टाकलेले असे फोटो शोधातून काढण्याचे अर्ज घेतं. बिंगचा अर्ज वेगळा, तोही भरायचा. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक सोय २०२१ पासून आहे. तिथे फोटो पाठवावा लागत नाही. बाईच्या स्वतःच्या फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक आकडा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या त्या आकड्यावरून तो फोटो ओळखून अडवतात. धमकी आली आहे पण फोटो अजून चढलेला नाही, अशा वेळी हिचा खरा उपयोग. अठराच्या आतल्यांसाठी 'टेक इट डाउन' ही वेगळी सोय आहे. यासोबत सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. तिथे स्त्रिया आणि मुलांविषयीच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे आणि नाव न देताही कळवता येतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई आणि ६७-अ, न्याय संहितेचं कलम ७७, हे आकडे पाठ ठेवा. ठाण्यात "कुठलं कलम लावू?" असं विचारलं तर उत्तर तयार हवं.

तिसरी गोष्ट, फोन नंबर, पत्ता, ईमेल. हे शोधातून काढण्याचे अर्ज गूगल २०२२ पासून घेतं. शोधात आलेल्या निकालाच्या शेजारी तीन टिंबं असतात, तिथून अर्ज निघतो. या अर्जाला पैसे लागत नाहीत. "इतके हजार द्या, गूगलवरून नाव साफ करून देतो" म्हणणारे दलाल आता गल्लोगल्ली झाले आहेत. घाबरलेल्या बाईला ते आणखी लुटतात. त्यांना आधार कार्डाची प्रत तर मुळीच देऊ नका.

चौथी गोष्ट, जुनी बातमी. लैंगिक गुन्ह्याची बातमी असेल आणि ओळख पटत असेल, तर संपादकांना कलम ७२ चा हवाला देऊन लेखी पत्र द्या. इतर बातम्यांत विनंती करावी लागते. त्यात बातमी काढा असं न म्हणता बाईचं नाव काढा असं म्हणा. ही मागणी मान्य होण्याची शक्यता जास्त असते, आणि तत्त्व म्हणूनही ती बरोबर आहे. पान बदललं तरी शोधात जुने शब्द दिसत राहिले, तर गूगलकडे 'जुनी झालेली माहिती' काढण्याचा वेगळा अर्ज आहे.

पाचवी गोष्ट, कोर्टाचे आदेश. इथे आधी केलेलं काम नंतरच्या दहा अर्जांपेक्षा भारी ठरतं. कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम ११ खाली आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १६ खाली बंद दाराआड सुनावणी मागता येते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ मध्ये तर कामकाज छापण्यावरच बंधन आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, की कौटुंबिक प्रकरणांत पक्षकाराने आग्रह धरला तर कोर्टाच्या कचेरीने तिची ओळख संकेतस्थळावर टाकू नये. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०२१ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या एका प्रकरणात नावांऐवजी अक्षरं वापरायला लावली. तेव्हा केस दाखल करतानाच वकिलांना विचारा : "नाव झाकण्याचा अर्ज जोडलात का?" आणि जुन्या प्रकरणात उच्च न्यायालयाकडे तेवढाच अर्ज करता येतो.

यातच आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्नं येतात. विशेष विवाह कायद्याखालची नोटीस कचेरीच्या फळ्यावर लावणं वेगळं आणि नावपत्त्यासह इंटरनेटवर टाकणं वेगळं. केरळमध्ये अशा नोटिसा उचलून जोडप्यांना त्रास दिला गेला, तेव्हा २०२० मध्ये तिथल्या नोंदणी खात्याने त्या संकेतस्थळावर टाकणं थांबवलं. आपापल्या जिल्ह्यात काय चालतं ते पाहून या.

हे सगळं एका फेरीत होत नाही. फोटो पुन्हा चढतो, पान नव्या पत्त्यावर येतं. म्हणून प्रत्येक बाईची एक फाइल हवी, आणि महिन्यातून एकदा कार्यकर्तीने शोध घ्यायचा. तो तिने स्वतः घ्यायचा नाही. रोज रात्री स्वतःचं नाव शोधत बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तो भार आपण उचलू शकतो. तिची लेखी संमती घ्या, आणि प्रत्येक पायरीला पुन्हा विचारा. एखादी म्हणेल, माझं नाव राहू दे, मी लपणार नाही. कलम ७२ मध्येही सज्ञान स्त्रीला लेखी परवानगी देऊन नाव उघड करता येतं. लाज तिची नाही, हे आपणच तर शिकवतो. मग लपायचं की उभं राहायचं, हा निर्णयही तिचाच. हेच आपल्या अहवालांना आणि कार्यक्रमांच्या फोटोंनाही लागू आहे. देणगीदाराला दाखवायचं म्हणून बाईचा चेहरा नेटवर जाता कामा नये.

आता तिसऱ्या भागाकडे येते. विसरलं जाण्याचा हक्क फक्त आपल्याच बायका मागतात असं नाही. २०१९ मध्ये, 'मी टू'च्या लाटेनंतर, एका माध्यम-संस्थेच्या अधिकाऱ्याने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच्यावर स्त्रियांनी केलेल्या आरोपांचे लेख पुन्हा छापू नयेत असा अंतरिम आदेश त्याला मिळाला. त्यात याच हक्काचा आधार घेतला होता. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बलात्काराच्या आरोपातून सुटलेल्या एका पुरुषाच्या अर्जावर 'इंडियन कानून' या संकेतस्थळाला निकालच काढायला सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये त्याला स्थगिती दिली. आणि ज्या कायद्यात 'ती' आहे म्हणून कौतुक झालं, त्याच कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमातला जनहिताचा अपवाद गाळला.

म्हणजे खाजगीपणाचा पदर जसा बाईला मिळतो तसा सत्तावानालाही मिळतो, आणि तो त्याच्या हाती लवकर लागतो. त्याच्याकडे वकील असतात. आपण सावध राहिलो नाही, तर बाईचा फोटो तसाच राहील आणि त्याच्यावरचा आरोप मात्र पुसला जाईल.

निर्दोष सुटलेल्या माणसालाही जगायचं असतं, हे मी नाकारत नाही. चोरीच्या खोट्या आळातून सुटलेल्या पारधी पोराच्या मागे ती बातमी जन्मभर लागावी, असं आपल्यापैकी कुणीच म्हणणार नाही. पण त्याच्यासाठीही उपाय हाच, की नावाने शोध लागू नये. निकाल नाहीसा करणं हा उपाय नव्हे. आणि पद, सत्ता, संस्था हातात असलेल्या माणसाच्या सार्वजनिक वागणुकीला तर ही सवलत नको.

असं का म्हणते? १९७९ चं ते खुलं पत्र कसं लिहिलं गेलं ते आठवा. चार शिक्षकांनी तो निकाल वाचला. अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती असली पाहिजे, हा तर्क त्यांनी ओळीओळीने उलगडून दाखवला. निकाल वाचायला मिळाला नसता, तर पत्र नाही, आंदोलन नाही, कायद्यात बदल नाही. त्या पत्राला निकालाची गरज होती. मुलीच्या नावाची नव्हती. ते झाकलेलं असतं तरी पत्राचा एक शब्दही कमी पडला नसता.

म्हणून आपली मागणी एका ओळीत मांडता येते : नाव झाका, निकाल ठेवा. ती घेऊन तीन ठिकाणी जायचं आहे. कोर्टांकडे : स्त्रियांच्या कौटुंबिक आणि लैंगिक गुन्ह्यांच्या आदेशांत संकेतस्थळावर चढवण्याआधीच नावं झाका, बाईला नंतर अर्ज करत फिरायला लावू नका. कंपन्यांकडे : अर्ज मराठीत, साध्या भाषेत भरता यावेत आणि नकार दिला तर कारण कळावं. सरकारकडे : प्रत्येक जिल्ह्याच्या सायबर ठाण्यात या तक्रारी घेणारी प्रशिक्षित बाई अधिकारी असावी.

दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक जिल्ह्याच्या गटाने दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. या पाच कामांची जबाबदारी कोण घेणार, आणि तुमच्या भागातल्या कुठल्या कोर्टाला, कुठल्या वर्तमानपत्राला पहिलं पत्र जाणार. पत्राचा मसुदा आपण इथेच करू. तो सगळ्याजणी बरोबर घेऊन जा.